घोटीची पायली ते जर्मनीचा रविवार: रोजची खरेदी देशोदेशी इतकी वेगळी का असते?

नाशिक जिल्ह्यात मुंबई-आग्रा महामार्गावर घोटी लागतं. इगतपुरी तालुक्याची ही मुख्य बाजारपेठ. तालुका भरपूर पावसाचा, त्यामुळे पीक भाताचं, आणि म्हणून घोटीची ओळख तांदळाची. आजूबाजूच्या गावांतून भात इथल्या गिरण्यांवर येतो, तूस-कोंडा वेगळा होतो आणि तांदूळ पोत्यांत भरून पुढे जातो. आठवडे बाजाराच्या दिवशी टाकेद, कावनईसारख्या गावांतून माणसं येतात. भाजी, किराणा, औषधं, मोबाईलचं रिचार्ज, एखादा दाखला, चपलेचा अंगठा शिवणं अशी सगळी कामं एकाच फेरीत उरकून घरी जातात.

यातलंच कुणी सहा महिन्यांसाठी जर्मनीत किंवा अमेरिकेत मुलाकडे गेलं, की पहिल्याच आठवड्यात घोटाळा होतो. रविवारी दूध आणायला निघावं तर दुकानं बंद. फळीवर एक किंमत आणि बिलावर दुसरी. डोकं दुखतंय म्हणून चार गोळ्या मागाव्यात तर तसं सुटं कुणी देत नाही. तिकडचा पाहुणा घोटीत आला तर त्याचीही तीच गत. भाव विचारायचा कुणाला, घासाघीस कुठे चालते आणि कुठे नाही, हे त्याला उमगत नाही.

खरं पाहिलं तर दूध, तांदूळ, गोळ्या, साबण सगळीकडे तेच. फरक आहे जबाबदारीचा. माल चांगला आहे की नाही, वजन बरोबर आहे का, भाव वाजवी आहे का, उरलेल्या बाटलीचं काय करायचं, हे कुणी पाहायचं याची उत्तरं प्रत्येक देशानं वेगळी दिली आहेत. कुठे ते दुकानदारावर आहे, कुठे कायद्यावर, तर कुठे सरळ गिऱ्हाइकावर. ही विभागणी कळली, की परक्या बाजारातही फसगत कमी होते.

भाव कोण ठरवतं?

भारतात बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी छापलेली असते. सगळे कर धरून जास्तीत जास्त इतकीच किंमत घेता येते. पाकीटबंद मालाच्या १९७७ च्या नियमांत १९९० मध्ये ही तरतूद आली. आज ती वैधमापन कायदा २००९ आणि पाकीटबंद वस्तूंचे नियम २०११ यांखाली चालते. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त घेतले तर तो गुन्हा आहे. अपवाद हॉटेलचा. बसून खायची सोय आणि सेवा देणारं हॉटेल पाण्याच्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये दिला.

आपल्याला हे इतकं सवयीचं आहे की जगभर असंच असेल असं वाटतं. तसं नाही. युरोप-अमेरिकेत बहुतेक मालावर छापील कमाल किंमत नसते. कंपनी फार तर किंमत सुचवते, विक्रीचा भाव दुकान ठरवतं. त्यामुळे तीच पाण्याची बाटली सुपरमार्केटमध्ये एका भावाला आणि पेट्रोल पंपावर दुप्पट भावाला मिळते, आणि दोन्ही कायदेशीर असतं. तिथे पाकीट उलटून किंमत शोधण्यात अर्थ नाही, फळीवरची चिठ्ठी वाचायची.

अमेरिकेत आणखी एक गोष्ट आहे. फळीवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तो बिल करताना वर चढतो. दर राज्याराज्यात आणि शहराशहरात वेगळा. किराणा मालाला अनेक राज्यांत पूर्ण किंवा थोडी सूट आहे, तर ओरेगनसारख्या पाच राज्यांत राज्यपातळीवरचा विक्रीकरच नाही. त्यामुळे खिशात मोजून पैसे घेऊन जाणारा काउंटरवर अडकतो. युरोपात मात्र गिऱ्हाइकाला दाखवलेली किंमत करासह असते. जपाननंही एप्रिल २०२१ पासून करासह किंमत दाखवणं सक्तीचं केलं.

सुट्या मालाची गोष्ट वेगळी. घोटीच्या बाजारात भाजीचा भाव बोलून ठरतो. सकाळी जुडी महाग, संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी स्वस्त. ओळखीच्या गिऱ्हाइकाला वर थोडी कोथिंबीर, चार मिरच्या. हा भाव कायदा ठरवत नाही, दोघांची गरज ठरवते. कराचा फरकही इथेच दिसतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदळाला ५ टक्के जीएसटी लागू झाला. पोत्यातून मोजून घेतलेला सुटा तांदूळ त्यातून बाहेर राहिला.

वजन कुणी करायचं?

घोटी परिसरात जुनी माणसं अजून तांदूळ पायलीत मोजतात. पायली हे वजन नाही, आकारमानाचं माप. चार शेरांची एक पायली. पण माप गावागणिक थोडं वेगळं, आणि त्यात मावणाऱ्या धान्याचं वजनही धान्यागणिक वेगळं. म्हणूनच देशभर एकच पद्धत असावी यासाठी १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला आणि १९६२ पर्यंत शेर-मणांच्या जागी किलो-लिटर आले. तरी बाजारात आजही जुडी, वाटा, डझन आणि शेकडा सुखानं नांदतात. पावसाळ्यात रानभाज्या वाट्यानंच विकल्या जातात. नजरेनं तोलायची कला गिऱ्हाइकाकडे असावी लागते.

परदेशात हे तोलणं दोन प्रकारे गिऱ्हाइकावर येतं. इटली-स्पेनमधल्या बऱ्याच सुपरमार्केटमध्ये फळं-भाज्या प्लॅस्टिकचा हातमोजा घालून उचलायच्या, काट्यावर ठेवायच्या, बटण दाबायचं आणि निघालेली चिठ्ठी पिशवीवर चिकटवायची. ती नसेल तर काउंटरवरून परत पाठवतात, मागे रांग ताटकळते. भेंडीचं टोक मोडून कोवळेपणा पाहायची आपली रीत तिथे कुणालाच रुचणार नाही. मोडलेली भेंडी विकत घ्यावी लागली तर आश्चर्य नको.

दुसरा प्रकार म्हणजे एकक किंमत. युरोपीय संघाच्या १९९८ च्या नियमानुसार वस्तूच्या किमतीसोबत किलोला किंवा लिटरला किती पडतात हेही लिहावं लागतं. मोठा पुडा दरवेळी स्वस्त पडतोच असं नाही, हे त्या बारीक आकड्यावरून कळतं. भारतातही आता पाकिटावर एमआरपीबरोबर असा दर छापायचा नियम आला आहे. तो वाचायची सवय मात्र अजून लागायची आहे. अमेरिकेत हिशोब पौंडात. एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. २० पौंडांची तांदळाची पिशवी नऊ किलोंच्या आसपास भरते.

काउंटर जाऊन ट्रॉली कशी आली?

घोटीच्या किराणा दुकानात यादी सांगायची, आतला माणूस पुड्या बांधतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही असंच होतं. १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ हे दुकान काढलं आणि गिऱ्हाइकालाच आत सोडलं. हवं ते स्वतः उचला आणि बाहेर पडताना पैसे द्या. नोकर कमी लागले, माल स्वस्त झाला. टोपली जड झाली की खरेदी थांबते हे ओळखून ओक्लाहोमातल्या सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ मध्ये चाकांची गाडी आणली. आजची ट्रॉली ती हीच.

म्हणजे सुपरमार्केटमधली सूट हा काही अंशी गिऱ्हाइकाच्या कष्टाचा मोबदला आहे. शोधायचं, उचलायचं, काही ठिकाणी स्वतःच स्कॅन करायचं आणि पिशवीतही स्वतःच भरायचं. जर्मनीतल्या स्वस्त दुकानांत काउंटरवरचा माणूस इतक्या वेगानं माल पुढे सरकवतो की नवख्याची धांदल उडते. तिथली रीत अशी की सगळं आधी ट्रॉलीत टाकायचं आणि बाजूला जाऊन निवांत भरायचं. ट्रॉली साखळीतून सोडवायला नाणं लागतं. जागेवर परत लावली की ते मिळतं.

या सौद्यात एक गोष्ट मात्र जाते. कोणता तांदूळ नवा आणि चिकट, कोणता जुना आणि मोकळा होणारा, इंद्रायणीला पाणी किती ठेवायचं, हे दुकानदार सांगत असतो. फळी बोलत नाही.

दुकान कधी उघडं?

भारतात सुट्टीचा दिवस म्हणजे खरेदीचा दिवस. महाराष्ट्रानं २०१७ च्या कायद्यानं दुकानांना आठवड्याचे सातही दिवस उघडं राहायची मुभा दिली. कामगाराला साप्ताहिक सुट्टी द्यावी लागते, दुकानाला नाही.

जर्मनीत उलट. तिथे रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. दुकानं बंद करण्याच्या वेळांचा कायदा १९५६ चा. २००६ पासून वेळा ठरवायचा अधिकार राज्यांकडे गेला आणि बहुतेक राज्यांत इतर दिवशीच्या वेळा वाढल्या, पण रविवार बहुतांशी बंदच राहिला. रेल्वे स्थानकं, विमानतळ, पेट्रोल पंप आणि काही तास बेकऱ्या असे काही अपवाद. शनिवारी संध्याकाळी तिथल्या दुकानांत जी गर्दी उसळते तिचं कारण हे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या कायद्यानुसार साधारण ३००० चौरस फुटांहून मोठी दुकानं रविवारी सलग सहाच तास उघडी राहतात. कोपऱ्यावरच्या लहान दुकानांना ते बंधन नाही.

दुसऱ्या टोकाला जपानचं ‘कोन्बिनी’. टोकियोत १९७४ मध्ये सुरू झालेल्या सेव्हन-इलेव्हनपासून ही पद्धत देशभर पसरली. यातली बरीच दुकानं चोवीस तास उघडी. तिथे जेवणाचा डबा मिळतो, विजेचं बिल भरता येतं, पार्सल पाठवता येतं आणि सरकारी ओळखपत्र असेल तर रहिवासाचा दाखलाही यंत्रातून काढता येतो. घोटीत ज्या कामांसाठी किराणा, टपाल आणि सेवा केंद्र अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात, ती तिथे एका छपराखाली होतात.

आठवडे बाजार मात्र फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नये. फ्रान्स, जर्मनी, इंग्लंडमध्ये गावच्या चौकात ठरलेल्या वारी आजही बाजार भरतो. शेतकरी स्वतः भाजी, चीज, मध घेऊन बसतात. घोटीच्या माणसाला परक्या देशात सर्वांत ओळखीची वाटेल अशी जागा तीच.

चार गोळ्या सुट्या मिळतील का?

आपल्याकडे औषधाच्या दुकानात पट्टी कापून चार गोळ्या देतात. खिशाला हे परवडतं, पण कापलेल्या तुकड्यावर मुदतीची तारीख राहीलच असं नाही. प्रतिजैविकं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. त्यातल्या बऱ्याच औषधांची वेगळी नोंद ठेवायचा नियमही २०१४ पासून आहे.

परदेशात ही भिंत जास्त पक्की असते. तिकडे चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मिळेल असं धरून चालू नये. अमेरिकेत चिठ्ठीवरची औषधं मोजून, रुग्णाचं नाव लावलेल्या बाटलीत देतात. साध्या तापाच्या गोळ्यांबाबत मात्र देशादेशांत मोठा फरक आहे. पॅरासिटामॉल अमेरिकेत सुपरमार्केटच्या फळीवर शेकडो गोळ्यांच्या बाटलीत मिळतं. जर्मनीत ते फक्त औषधाच्या दुकानात. ब्रिटनमध्ये सुपरमार्केटमध्ये मिळतं, पण एका पाकिटात जास्तीत जास्त १६ गोळ्या. १९९८ मध्ये हा नियम आला. या गोळ्या जास्त प्रमाणात घेतल्या तर यकृत निकामी होऊ शकतं. घरात साठा कमी असला तर रागाच्या किंवा निराशेच्या भरात होणारे मृत्यू टळतील, हा त्यामागचा विचार.

बाहेरगावी जाणाऱ्या ज्येष्ठांनी म्हणूनच नेहमीची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव असावं. कंपनीची नावं देशागणिक बदलतात, मूळ नाव सहसा डॉक्टरांना कुठेही कळतं.

उधारी कुणाला मिळते?

भाताच्या पट्ट्यात पैसा वर्षभर सारखा येत नाही. पीक निघालं की येतो. त्यामुळे गावच्या दुकानात वही असते आणि हिशोब हंगामावर चुकता होतो. उधारीचं तारण एकच, ओळख. आता त्याच दुकानात क्यूआर कोडही लटकलेला असतो. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयनं दहा रुपयांची मिरचीही मोबाईलवरून घेता येऊ लागली.

अमेरिकेत वहीची जागा क्रेडिट स्कोअरनं घेतली आहे. कुणी किती उसने घेतले आणि वेळेवर फेडले का, याची नोंद खासगी कंपन्या ठेवतात आणि त्यावरून आकडा निघतो. घर भाड्यानं घेतानाही तो पाहिला जातो. नुकत्याच गेलेल्या माणसाचा तिथे आकडाच नसतो. गावी चोख व्यवहाराची ख्याती असली तरी तिथे तो अनोळखी. मग अनामत ठेवून कार्ड घ्यायचं आणि नव्यानं पत उभी करायची. दुबईत मात्र ‘बकाला’ म्हणजे गल्लीतलं छोटं किराणा दुकान आपल्या पद्धतीच्या जवळ जातं. फोन केला की सामान वर येतं, आणि ओळख असेल तर काही ठिकाणी खातंही चालतं. जर्मनीत अजून काही छोट्या दुकानांत फक्त रोकड घेतात, तेव्हा खिशात थोडे युरो हवेतच.

रिकामी बाटली कुणाची?

महाराष्ट्रात २०१८ पासून पातळ प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे. इंग्लंडनं बंदीऐवजी किंमत लावली. मोठ्या दुकानांत २०१५ पासून पिशवीला ५ पेन्स आणि २०२१ पासून सगळ्याच दुकानांत १० पेन्स. दोन्हीकडचा निष्कर्ष एकच, पिशवी घरून न्यावी.

बाटल्यांचं गणित आणखी निराळं. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्या आणि कॅनवर अनामत आहे, आज ती २५ सेंट. बिलात ती वेगळी लागते. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी निघते आणि ती दाखवून पैसे परत मिळतात. बाटली चेपली किंवा लेबल फाडलं तर यंत्र ओळखत नाही. आपल्याकडे हे काम भंगारवाला करतो. तोही पैसे देतो, पण ते रद्दीच्या भावानं, कायद्यानं नव्हे.

आवडलं नाही तर?

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्याकडे सर्रास दिसते. प्रत्यक्षात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वेगळं सांगतो. माल सदोष असेल तर बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. फक्त बिल हवं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू कारण न देता १४ दिवसांत परत करता येते. दुकानात पाहून घेतलेल्या चांगल्या वस्तूला मात्र तो हक्क आपोआप नाही. अमेरिकेत दुकानं उदारपणे माल परत घेतात, पण ते बहुधा त्यांचं धोरण असतं, देशभराचा कायदा नव्हे. म्हणून तिथेही बिलाच्या मागचा मजकूर वाचावा लागतो.

आणि घरचा तांदूळ?

परदेशी जाताना बॅगेत चार-पाच किलो घरचा तांदूळ ठेवायचा मोह होतो. इथेच सर्वांत मोठी निराशा वाट्याला येते. खपरा नावाचा साठवणीतला भुंगा धान्याची नासाडी करतो आणि एकदा गोदामात शिरला की हटत नाही. हा भुंगा भारतासह ज्या देशांत आढळतो तिथून प्रवाशांनी तांदूळ आणायला अमेरिकेनं २०११ मध्ये बंदी घातली. ऑस्ट्रेलियानं २०२० मध्ये तांदूळ आणि चण्यांसह अनेक जिनसा प्रवाशांच्या सामानातून बंद केल्या. युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. सोबतचा पदार्थ न सांगता नेला आणि सापडला, तर तो फेकला जातोच, वर दंडही होऊ शकतो.

मग तिकडच्या मराठी घरांत भात शिजतो तो भारतीय दुकानातल्या पाकिटाचा. त्याचीही दोरी इकडेच असते. २० जुलै २०२३ रोजी भारत सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. देशात भाव वाढू नयेत हा हेतू. बातमी फुटताच अमेरिकेतल्या भारतीय दुकानांसमोर रांगा लागल्या, काही दुकानांनी एका गिऱ्हाइकाला किती पिशव्या द्यायच्या यावर मर्यादा घातली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती बंदी उठली.

या एका निर्णयाची दोन टोकं होती. निर्यात थांबली की देशातल्या गिऱ्हाइकाला तांदूळ स्वस्त राहतो, आणि त्याच वेळी भात पिकवणाऱ्याच्या हातची चढ्या भावाची संधी जाते. घोटीच्या बाजारात ही दोन्ही माणसं असतात. बऱ्याचदा तो एकच माणूस असतो. सकाळी गिरणीवर भात घालतो आणि दुपारी पिशवी घेऊन किराण्याच्या काउंटरवर उभा राहतो.